स्वप्नातली उधारी



विषय तत्त्वज्ञानाचा दिला आहे. मी सुरुवात किराण्याच्या दुकानापासून करतो. इंदूरला आमच्या वाड्यासमोर एक दुकानदार होते. जन्मभर ते माझ्याशी माळवीतच बोलले. गेल्या महिन्यात ते स्वप्नात आले आणि स्वच्छ मराठीत म्हणाले, "मागच्या वहीतला सव्वा रुपया राहिलाय." मी निमूटपणे खिसे चाचपू लागलो. वाडा पाडून बारा वर्षं झाली, दुकानदार त्याआधीच गेले. मला काहीच खटकलं नाही. ओसरीवर आई तांदूळ निवडत बसली होती. तेही खटकलं नाही.

हे न खटकणं हाच मला स्वप्न आणि जागृती यांतला मोठा फरक वाटतो. स्वप्न धूसर असतं म्हणून वेगळं, असं आपण सहज म्हणतो. पण आईच्या सुपाची उसवलेली कड मला लख्ख दिसत होती. नव्हती ती शंका. जागेपणी नेहमीची चप्पल जागेवर नसली तरी आपण घर डोक्यावर घेतो!

१९५३ साली शिकागो विद्यापीठातल्या असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी झोपेतली एक अवस्था नोंदवली. तिच्यात मिटल्या पापण्यांखाली डोळे झरझर हलतात; तेव्हा उठवलेली माणसं बहुधा स्वप्न सांगतात. हातापायांचे स्नायू ढिले पडलेले असतात, म्हणून स्वप्नात पळणारा अंथरुणातच राहतो. पुढे मेंदूच्या प्रतिमा घेता आल्या, तेव्हा भावनांशी निगडित भाग जोरात चाललेले आणि कपाळामागचा, तारतम्य पाहणारा भाग मंदावलेला आढळला. पेढी उघडी आणि मुनीमजी रजेवर, असा तो कारभार.

आपल्याकडे गौडपादांनी मांडूक्यकारिकांत स्वप्न आणि जागृती यांना एकाच पंक्तीला बसवलं. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात मात्र भेद दाखवला: जाग आली की स्वप्नातल्या वस्तूचा बाध होतो, जागेपणी पाहिलेल्या खांबाचा तसा कोणत्याही अवस्थेत होत नाही. विद्यार्थी एवढंच पाठ करतात. त्याच भाष्यात दुसऱ्या ठिकाणी आचार्य म्हणतात, स्वप्नात साप चावला, तो साप खोटा. पण चावल्याचं जे ज्ञान झालं, ते जाग आल्यावरही खोटं ठरत नाही. हा भाग मी वर्गात कित्येक वर्षं घाईघाईने उरकत आलो.

आई गेल्यावर दोनेक वर्षांत तिचा आवाज मला आठवेनासा झाला. शब्द आठवत, ठेका आठवे, आवाज नाही. कुठे ध्वनिमुद्रण नाही. आता घरात माझ्याशी अरे-तुरे करणारंही कुणी उरलेलं नाही. त्या पहाटे मी खिसे चाचपत असताना ती सुपातून मान वर न करता म्हणाली, "आधी त्यांचे पैसे देऊन ये रे." आवाज तिचाच होता. डोळे उघडले तेव्हा उशी ओली होती. ओसरी, सूप, सव्वा रुपया, सगळ्याचा बाध झाला; तो आवाज ऐकल्याचा झाला नाही.

सकाळी पोहे खाताना हे सगळं मी नातवाला मराठीत सांगितलं. त्याला समजतं सगळं, उत्तर हिंदीत देतो. घास थांबवून त्याने विचारलं, "आजोबा, फिर पैसे दिए?"

म्हटलं, "नाही रे. त्याआधीच जाग आली."