वर्गातला साखरेचा हिशेब



आज १४ नोव्हेंबर, बालदिन. जगभर हाच दिवस मधुमेह दिन म्हणूनही पाळतात, कारण इन्सुलिनच्या शोधात ज्यांचा मोठा वाटा, त्या फ्रेडरिक बँटिंग यांचा जन्म १४ नोव्हेंबर १८९१ चा. म्हणून आज उमरखेड तालुक्यातल्या शिक्षकांशी आणि आईवडिलांशी मुलांच्या मधुमेहाबद्दल बोलायचं आहे.

साखरेचा आजार शहरातल्या, पोट सुटलेल्या माणसांचा, असा आपला समज. शेतमजुराच्या काटक पोराला तो कशाला होईल? पण पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. पण आपल्या बाळांत कमी होते ते मुख्यतः स्नायू. कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. अशा मुलांचं पुढे गोड-तळलेलं वाढलं आणि खेळणं घटलं, की मधुमेहाचा धोका वाढतो. म्हणून हा धडा वर्गातल्या प्रत्येकाला द्या, आणि कुणाच्याही वजनावर बोट ठेवू नका.

शिकवायचं कसं? ‘गोड खाऊ नको’ एवढं सांगून सातवीतलं मूल ऐकत नाही. त्यापेक्षा गणिताच्या तासाला शीतपेयाची रिकामी बाटली आणा. तिच्यावरचा तक्ता बहुधा इंग्रजीत असतो. तो मुलांना मराठीत समजावून द्या. शंभर मिलिलिटरला दहा ग्रॅम साखर असेल, तर अडीचशेच्या बाटलीत पंचवीस ग्रॅम, म्हणजे सहा चमच्यांहून थोडी जास्तच. ती मोजून टेबलावर ठेवा. वरून घातलेली साखर मोठ्या माणसानेही दिवसभरात शक्यतो एवढ्याच्या आत ठेवावी, असं जागतिक आरोग्य संघटना सुचवते. आपला भाग उसाचा, पोफाळीच्या साखर कारखान्याचा. साखरेशी आपलं वैर नाही. पण तिचं प्रमाण मुलांना कळलं पाहिजे. सीबीएसईने २०२५ मध्ये आपल्या शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावायला सांगितले. जिल्हा परिषदेच्या शाळेतही एका पुठ्ठ्यावर हे काम होतं.

दुसरी गोष्ट खेळाची. या वयाला रोज सरासरी तासभर घाम येईल असं खेळणं हवं. परीक्षा जवळ आली, की पहिला बळी खेळाच्या तासाचा जातो. तो जाऊ देऊ नका.

आणि एक लक्षात ठेवा. मूल सारखं पाणी मागतंय, वारंवार लघवीला जातंय, झपाट्याने वाळतंय, असं दिसलं तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. हा पहिल्या प्रकारचा मधुमेह असू शकतो. तो गोड खाल्ल्याने होत नाही. त्यात मुलाचा किंवा आईचा काहीही दोष नसतो. त्याला इन्सुलिन लागतं, आणि ते वेळेवर मिळावं लागतं.

मुख्याध्यापकांना विनंती आहे: सहावी ते नववीच्या वेळापत्रकात आठवड्याचा एक तास आरोग्यासाठी राखून ठेवा. आणि पालकहो, मूल घरी येऊन साखरेचा हिशेब सांगू लागलं, तर तो ऐका आणि डब्यात भाकरी-भाजी द्या.