खोड सांगून विकलेली मोटार

बैलबाजार आपल्याला नवा नाही. जनावर घेणारा आधी त्याचा जबडा उघडून दात पाहतो. आदत आहे, दुसा आहे, चौसा आहे की जुळलेला, हे त्यावरून ठरते. मग चालवून पाहतो, आणि शेवटी रुमालाखाली बोटे धरून भाव होतो. पण एवढे करूनही एक गोष्ट राहतेच. बैल मारका आहे काय, भर नांगरटीत बसतो काय, हे ज्याने त्याला चार वर्षे दावणीला बांधले त्यालाच ठाऊक असते. तिलाच आपण खोड म्हणतो. विकणाऱ्याने ही खोड सांगावी की झाकावी? हाच प्रश्न अमेरिकेतील एका जुन्या मोटारीच्या निमित्ताने आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

फोर्ड कंपनीची ‘मस्टँग’ ही मोटार १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात लोकांसमोर आली. किंमत २,३६८ डॉलरपासून पुढे. तरुण नोकरदारालाही परवडावी अशी ही ऐटबाज गाडी लोकांनी अक्षरशः उचलून धरली. दोन वर्षांच्या आत दहा लाख गाड्या तयार झाल्या. त्यांतल्या पुष्कळ मोडीत गेल्या. पण ज्या उरल्या त्यांना आज शौकीन लोक मोठ्या हौसेने जपतात. शिवाय तिचे सुटे भाग अजूनही नव्याने तयार होतात. म्हणून बंद पडलेल्या मस्टँगलाही गिऱ्हाईक असते.

आता असे समजा की अशी एक गाडी कुणाच्या वडिलांनी घेतली, पुढे ती बंद पडली, थोडी दुरुस्ती झाली, थोडी राहिली आणि गाडी वीस वर्षे कोठारात उभी राहिली. वडील गेले. मुलाला ती दुरुस्त करायला सवड नाही, पैसाही नाही. ती विकावयाची आहे. अमेरिकेत हा प्रसंग अनेक घरांत येतो. मुलापुढे दोन वाटा असतात. वरून रंग मारून ‘गाडी उत्तम’ म्हणून विकावी, किंवा काय झाले आहे आणि काय राहिले आहे ते सांगून विकावी.

उभ्या गाडीत काय बिघडते ते आधी पाहू. टाकीतले पेट्रोल जुने होऊन चिकट होते आणि कार्ब्युरेटरची बारीक भोके बुजवते. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषून घेते आणि चाकांजवळचे ब्रेकचे सिलिंडर आतून गंजतात. रबरी नळ्या आणि टायर यांना चिरा पडतात. मस्टँगची आणखी एक गोष्ट आहे. १९६५ आणि १९६६ च्या गाड्यांत चारही चाकांच्या ब्रेकला तेल पुरवणारा सिलिंडर एकाच कप्प्याचा होता. कुठेही गळती झाली की पेडल सरळ तळाला जाते आणि गाडी थांबत नाही. १९६७ पासून दोन कप्पे आले. तसेच, पुढच्या काचेखाली हवा आत घेण्याची जी जाळी असते, तिच्या खालचा पत्रा गंजला की पावसाचे पाणी पायाखाली उतरते. या गाडीला वेगळी चासी नाही. तळाचा पत्रा हाच तिच्या सांगाड्याचा भाग आहे. तेव्हा तळ गंजला तर गाडीचा कणाच कमकुवत होतो. वर पुट्टी भरून रंग दिला तर हे डोळ्यांना दिसत नाही. जाणता माणूस मात्र खिशातून लोहचुंबक काढतो. पत्र्याला तो चिकटतो, पुट्टीला चिकटत नाही.

बैलाच्या दातांसारखे गाडीचेही वय सांगणारे मीटर असते. पण त्या काळच्या बहुतेक अमेरिकन गाड्यांत मैलांचे आकडे पाचच. ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य. म्हणजे ४३,००० वाचले तरी गाडी १,४३,००० मैल चाललेली असू शकते. खरे काय ते घरच्या माणसाला आणि जुन्या पावत्यांना ठाऊक.

येथे अर्थशास्त्राचा एक महत्त्वाचा विचार येतो. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. तत्पूर्वी तीन नियतकालिकांनी तो नाकारला होता. पुढे २००१ साली त्याच विचारासाठी त्यांना आणखी दोघांसह नोबेल पारितोषिक मिळाले. अमेरिकन बोलीत खोडीच्या मोटारीला ‘लेमन’ म्हणजे लिंबू म्हणतात, आणि निबंधाच्या नावातही ते लिंबू आहे. आपल्याला जवळची वाटेल अशी गोष्ट म्हणजे, अकरलॉफ १९६७-६८ मध्ये दिल्लीच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत होते, आणि त्या निबंधात बाजारातल्या तांदळातून मुद्दाम मिसळलेले त्याच रंगाचे खडे निवडणारी भारतीय गृहिणीही आली आहे.

त्यांचे म्हणणे शिक्षकांना फळ्यावर सहज मांडता येईल. समजा, बाजारात दहा गाड्या आहेत. पाच चांगल्या, प्रत्येकी २०,००० डॉलरच्या. पाच खोडीच्या, प्रत्येकी १०,००० च्या. घेणाऱ्याला दोहोंतला फरक कळत नाही. तो काय करील? मधला भाव धरील, १५,०००. मग चांगल्या गाडीचा मालक म्हणेल, ‘या भावात मी देत नाही’, आणि घरी जाईल. उरल्या खोडीच्या. घेणाऱ्याला हे कळले की तो १०,००० वर येतो. म्हणजे लबाडी काहींची, पण बाजारातून हुसकला गेला तो प्रामाणिक माणूस! त्याची गाडी चांगली, त्याचा शब्द खरा. पण तो खरा आहे हे पटवून देण्याचे साधन त्याच्याजवळ नाही.

मग ते साधन कोणते? ज्यावर घेणाऱ्याला स्वतः बोट ठेवता येईल, असे सगळे त्याच्यापुढे मांडणे. जाणता विकणारा आधी मालकीचा कागद आपल्या नावावर आहे ना ते पाहतो. मग गाडीचा क्रमांक देतो, कारण तो क्रमांक बोलतो. १९६५ च्या मस्टँगच्या क्रमांकात पहिला आकडा वर्षाचा, पुढचे अक्षर कारखान्याचे, मग दोन आकडे बांधणीचे आणि पाचव्या जागी इंजिनाचे अक्षर. तेथे ‘सी’ असेल तर २०० अश्वशक्तीचे इंजिन; ‘के’ असेल तर २७१ अश्वशक्तीचे, आणि तिची किंमत कितीतरी जास्त. त्यानंतर पावत्यांची चळत, गंजाची जवळून काढलेली छायाचित्रे आणि दोन याद्या: झालेली कामे आणि राहिलेली कामे. राहिलेल्या कामांपुढे मिस्त्रीने दिलेला खर्चाचा अंदाज. घेणारा येण्यापूर्वी तो इंजिन गरम करून ठेवीत नाही. थंड इंजिन कसे सुरू होते तेच घेणाऱ्याला पाहावयाचे असते. ब्रेक धड नसतील तर गाडी रस्त्यावर नेऊ देत नाही, ट्रेलरवर चढवून न्यावयास सांगतो.

विकण्याआधी दुरुस्ती किती करावी? सुरू होण्यापुरती आणि ब्रेकसारखी स्वस्त, जिवाच्या सुरक्षिततेची कामे करावीत. इंजिन पूर्ण खोलणे, नवा रंग देणे ही मोठी कामे बहुधा तशीच ठेवावीत. त्यांचा खर्च किमतीत क्वचितच भरून निघतो, आणि ताज्या रंगाखाली काय दडले आहे अशी शंका मात्र येते.

कायद्याचे म्हणाल तर, मीटर मागे फिरवणे तेथे १९७२ च्या कायद्याने बेकायदा ठरले. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला १९८५ पासून गाडीवर छापील तक्ता लावावा लागतो. हमी आहे की गाडी ‘जशी आहे तशी’, हे त्यावर असते. घरची गाडी विकणाऱ्याला तो तक्ता लागत नाही. तो सहसा ‘जशी आहे तशी’ असे लिहून विकतो. पण हे शब्द म्हणजे खोटे बोलण्याचा परवाना नव्हे. जाणूनबुजून खोटे सांगितले तर कोर्टात खेचले जाण्याची पाळी येऊ शकते.

आपण म्हणाल, खोड सांगितली तर भाव पडणार. पडतो, हे मी नाकारीत नाही. तळाच्या गंजाचे पैसे कापले जातात. पण न सांगितलेल्या खोडीचे पैसे अंदाजाने कापले जातात, आणि भ्यालेल्या माणसाचा अंदाज नेहमी मोठा असतो. सांगितलेल्या खोडीला आकडा असतो: एवढा पत्रा, एवढी मजुरी. त्यावर दोघांना घासाघीस तरी करता येते. शिवाय त्या ब्रेकवर उद्या कुणाची मुलेबाळे बसणार आहेत. ती गोष्ट डॉलरांत मोजता येत नाही.

शिक्षक मित्रांना एवढेच सुचवावेसे वाटते की हे दहा गाड्यांचे गणित वर्गात जरूर घालावे, आणि गाड्यांच्या जागी बियाणे, दूध किंवा जुनी सायकल घेऊन मुलांनाच उत्तर काढू द्यावे. प्रामाणिक माणसाला बाजारातून कोण घालवतो, आणि त्याला परत कसे आणावे, हे मग मुलेच सांगतील.