साताऱ्याची गादी आणि गावची वनसमिती

(पुणे येथील कार्यकर्ता शिबिरात केलेलं भाषण)



वनखात्याचा कागद आता बऱ्याच गावांत पोचलाय. 1992 च्या सरकारी ठरावाप्रमाणे गावोगाव वनसमिती करायची, गावाने जंगल राखायचं, उत्पन्नातला वाटा गावाला मिळायचा. समितीचा सचिव मात्र खात्याचा माणूस. सही करायची का नाही, असं गावं आम्हाला विचारतात. त्याचं उत्तर देण्याआधी आम्ही एक जुनी हकीगत सांगणार आहोत. ती याच पुणे शहरातली आहे.

1802 साली होळकरांनी हडपसरला दुसऱ्या बाजीरावाचा पराभव केला. बाजीराव पळाला आणि 31 डिसेंबरला वसईत इंग्रजांशी तह करून बसला. तहात काय होतं? इंग्रजांची सहा हजारांची पायदळ फौज पेशव्याने ठेवून घ्यायची, तिच्या खर्चासाठी 26 लाख उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा, आणि परक्या कुणाशी बोलायचं तर इंग्रजांना विचारून. 1803 च्या मे महिन्यात त्यांनी त्याला पुण्याच्या गादीवर परत बसवलं. गादी त्याची, फौज त्यांची. मुळा-मुठेच्या संगमावर त्यांचा रेसिडेंट राहायचा. 1811 पासून तिथे एल्फिन्स्टन होता. 1817 च्या नोव्हेंबरात खडकीची लढाई झाली आणि बारा दिवसांत शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण लागलं.

पुढे त्यांनी आणखी एक काम केलं. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांना छोटं राज्य काढून दिलं. 1819 चा तह झाला, पण 1822 पर्यंत कारभार ग्रँट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्याच हातात होता. राजाला कारभार शिकवतोय, असं म्हणत. प्रतापसिंह शिकले, कारभार चांगला केला, शाळा काढली, रस्ते केले. हे आम्ही नाकारत नाही. पण राजा आपलं डोकं चालवू लागला तशी खटपट सुरू झाली. गोव्याच्या पोर्तुगिजांशी कट केला असा आरोप ठेवून 1839 साली त्यांना गादीवरून काढलं आणि काशीला पाठवलं. त्यांचा वकील रंगो बापूजी दाद मागायला लंडनला गेला आणि 1853 पर्यंत तिथे दारं ठोठावत राहिला. काही मिळालं नाही. धाकट्या भावाला गादी दिली होती, तो 1848 ला वारला, दत्तक नामंजूर झाला, राज्य खालसा. ज्यांनी बांधलं त्यांनीच मोडलं.

आता कुणी म्हणेल, पेशव्याचं राज्य गेलं, साताऱ्याचं गेलं, त्यात आपलं काय गेलं? आम्ही पेशवाईसाठी रडत नाही. पण नवं राज्य बसवताना गडकिल्ल्यांची राखण करणाऱ्या रामोशी-कोळ्यांच्या नेमणुका आणि हक्क गेले. त्यांनी बंड केलं तेव्हा उमाजी नाईकांना 1832 साली याच पुण्यात फाशी दिली. राघोजी भांगरेंना 1848 साली ठाण्याच्या तुरुंगात. वरच्यांचा तह होतो तेव्हा खालच्यांना कुणी विचारत नाही.

आणि डांगात तर थेट आपल्याच माणसांशी करार झाला. 1842 साली इंग्रजांनी भिल्ल राजांकडून सागाचं जंगल पट्ट्याने घेतलं. राजे राजेच राहिले. अजूनही दरवर्षी आहव्याला दरबार भरतो, राजांचा मान होतो, सालाचे पैसे मिळतात. जंगल कुठंय? ते सरकारचं.

ही फक्त इंग्रजांची खोड होती असंही नाही. 1979 च्या डिसेंबरात रशियाने अफगाणिस्तानात फौज घातली, आपला माणूस गादीवर बसवला. 1989 ला फौज परतली, 1992 ला ते सरकार कोसळलं. आपल्या देशाने 1987 च्या करारानंतर श्रीलंकेत फौज पाठवली. तिच्या पहाऱ्यात 1988 ला उत्तर-पूर्व भागात निवडणूक घेतली, मुख्यमंत्री बसवला. 1990 च्या मार्चमध्ये फौज निघाली, तेव्हा मुख्यमंत्र्यालाही देश सोडावा लागला. आपले हजाराहून जास्त जवान तिथे मेले. ते गरिबाघरचे होते. ज्या सरकारला आपल्या माणसांचा आधार नाही, ते दुसऱ्याच्या बंदुकीवर किती दिवस उभं राहणार?

यातून गावाने चार प्रश्न उचलावेत. समिती असो, संस्था असो, योजना असो, कागद पुढे आला की विचारायचं.

एक, हत्यार कुणाच्या हातात? गुन्हा दाखल करायचा अधिकार आणि कुऱ्हाड जप्त करायचा अधिकार कुणाकडे राहतो?
दोन, पैसा कुणाच्या खात्यात, काढायला सही कुणाची?
तीन, वहीत लिहिणार कोण? सभेत बोललो एक आणि लिहिलं दुसरं, असं झालं तर काय करायचं?
चार, समिती बरखास्त कोण करू शकतो? गाव, का साहेब?

चारही उत्तरं खात्याकडेच जात असतील, तर ती साताऱ्याची गादी आहे. बसायला मिळेल, उठवतीलही तेच.

आम्ही सही करूच नका असं म्हणत नाही. जंगल राखायला पाहिजे, नाहीतर उद्या सरपणालाही काडी उरणार नाही. पण सही दोघा-चौघांना बाजूला नेऊन होता कामा नये. सगळ्या पाड्यांची सभा बसवा, बायांना बोलवा, कागद मोठ्याने वाचून घ्या, नक्कल मागा. प्लॉटची जमीन कसणाऱ्यांचे दावे बाकी आहेत. समितीच्या नावाखाली त्यांच्याच शेतात रोपं लावायला लावतील. ते होणार नाही, हे आधी लिहून घ्या. आणि ठरावाची वही गावातल्या शिकलेल्या पोरांनी लिहावी. दहावी-बारावी झालेली आहेत ना आता गावात? मग दुसऱ्याच्या लेखणीवर कशाला राहायचं?

प्रत्येक गावाने आपला निर्णय पुढच्या बैठकीत लेखी आणावा. हो असेल तरी, नाही असेल तरी.

जिंदाबाद!