दलाली कुणाची?

मी जमिनीचा एजंट आहे. काहींना हे ऐकूनच मळमळेल. मळमळू द्या, पण ऐका.

जालना-नांदेड महामार्गाची आखणी सेलू तालुक्यातून गेली आणि या देवगाव फाट्यावर पांढऱ्या गाड्या थांबायला लागल्या. त्यांना रान कसायचं नव्हतं. भाव वाढेस्तोवर धरून ठेवायचं होतं. मी टपरीवर बसून त्यांना सातबारा वाचून दाखवायचो. तिथून टक्क्यांचा धंदा सुरू झाला.

एक दिवस एका पार्टीनं सातबारा पुढं टाकला. जमीन आपल्याच वस्तीतल्या म्हातारीची. शेरा : भोगवटादार वर्ग २. म्हणजे परवानगीशिवाय विकता येत नाही. पार्टी म्हणाली, "बाँडवर अंगठा घे. तुझे वेगळे देतो." मी उठलो. त्याच रात्री म्हातारीला सांगितलं, "आजी, कुठं अंगठा देऊ नको."

१९६४ ला दादासाहेब गायकवाडांच्या सत्याग्रहात भूमिहीनांनी तुरुंग भरले. १४ एप्रिल १९९० पर्यंत कसलेली गायरानं नावावर करायचा निर्णय व्हायला १९९१ उजाडलं. एवढं भांडून मिळालेलं रान एका अंगठ्यात जातं!

म्हणून पोरांनो, या धंद्यात या. रेरा कायद्यानं प्रकल्पातले प्लॉट विकायला एजंटाला नोंदणी लागते, महाराष्ट्रात २०२३ पासून परीक्षाही. ती द्या. पण रानाच्या सौद्यावर तो पहारा नाही. तिथं पहारा आपणच करायचा. सातबारा, फेरफार, गावनकाशा वाचायला शिका. गुंतवणूकदाराला साफ जमीन दाखवा, टक्के घ्या, ताठ मानेनं घ्या. आपल्या माणसाचा अंगठा तेवढा विकू नका.