मेंढरांची वाट



आपल्या बोलण्यात 'भटका' हा शब्द आदराने येत नाही. ज्याला घर नाही, नेम नाही, उद्याची चिंता नाही, तो भटका, अशी आपणा शहरवासीयांची समजूत असते. आज ज्या लोकांविषयी चार शब्द सांगावयाचे आहेत त्यांना ही समजूत मुळीच लागू पडत नाही. आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील मेंढपाळ धनगर वर्षाचे सातआठ महिने बायकामुलांसह पायी फिरतीवर असतो. परंतु त्याची ही फिरती म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या पाळलेले एक वेळापत्रक आहे. ते वेळापत्रक कसे चालते आणि हल्ली ते कशाने बिघडू पाहत आहे, एवढेच मी आज सांगणार आहे.

जगात फिरस्ते लोक पुष्कळ आहेत. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडील सहारा वाळवंटात सहरावी टोळ्या उंट आणि शेळ्या घेऊन हिंडत. जिकडे पाऊस पडल्याची वार्ता येई तिकडे त्यांचे तंबू हलत. म्हणून त्यांना 'ढगांची लेकरे' असे सुंदर नाव मिळाले आहे. आमच्या धनगराची गोष्ट नेमकी उलट आहे. सहरावी पावसाच्या मागे जातो. धनगर पावसाला चुकवून चालतो.

याचे कारण आमच्या भूगोलात आहे. अकोले तालुक्याचा पश्चिम भाग सोडला तर आमचा जिल्हा पर्जन्यछायेत मोडतो. वर्षाकाठी सरासरी पाचसहाशे मिलीमीटर पाऊस, तोही बेभरवशाचा. उलट सह्याद्री उतरून खाली कोकणात गेले की हाच आकडा अडीचतीन हजारांवर जातो. दख्खनी मेंढी ही कोरड्या हवेची लेक. ऊन, तहान आणि लांबची चाल ती सोसते. पण सतत चिखलात उभी राहिली की तिचे खूर कुजतात आणि कळपात रोग शिरतो. म्हणून मृगापासून पावसाळाभर ती माळावर राहते. दसरा-दिवाळीपर्यंत माळावरचे गवत सरते. त्याच सुमारास कोकणातली भाताची कापणी उरकून खाचरे मोकळी होतात. पारनेर तालुक्यातील ढवळपुरीसारख्या भागातून मेंढरांचे कळप तेव्हा घाट उतरू लागतात आणि वळवाची चाहूल लागली की पुन्हा देशाकडे वळतात.

हा प्रवास एकट्यादुकट्याचा नसतो. काही कुटुंबे आपापली मेंढरे घेऊन एकत्र निघतात. त्या समूहास 'वाडा' म्हणतात. आपल्या कल्पनेतला वाडा दगडविटांचा आणि अचल. यांचा वाडा रोज चालणारा! सगळा संसार तट्टांच्या पाठीवर असतो: पाल, भांडी, पिठाची पिशवी, पाय बांधलेल्या कोंबड्या, आणि कालपरवा जन्मलेली कोकरेसुद्धा. पुरुष मेंढरे चारीत आडरानाने जातात. बायका तट्टे घेऊन नेमलेल्या मुक्कामी आधी पोहोचतात, पाणी शोधतात, चूल मांडतात, पाल ठोकतात. दुसऱ्या दिवशी हे सारे पुन्हा मोडून लादावयाचे. वाड्याची खरी शिस्त या बायकांच्या हातात असते, हे जवळून पाहिलेल्या कोणालाही मान्य करावे लागेल.

मुक्काम कोठे करावयाचा हे नशिबावर सोडलेले नसते. वाड्यातला एखादा जाणता गृहस्थ पुढे जाऊन चारा, पाणी आणि शेतकऱ्याची मर्जी पाहून येतो. शेतकऱ्याला मेंढरे हवीच असतात. रात्री रिकाम्या शेतात वाघूर, म्हणजे दोऱ्यांचे जाळे, उभारून त्यात कळप बसवितात. लेंडी आणि मूत्र यांनी ती जमीन रातोरात खतावते. दुसऱ्या रात्री वाघूर पुढच्या तुकड्यात. या 'मेंढरे बसविण्या'बद्दल पूर्वी शेतकरी धान्य देई, आता बहुधा रोख रक्कम देतो. म्हणजे धनगर शेतकऱ्याच्या शेतात फुकट चरावयास येत नाही. त्याला खत देऊन मोबदला घेऊन जातो. स्थिर शेती आणि फिरती मेंढी यांचा हा करार आहे. त्यावर सही नाही, साक्षीदार नाही, तरी तो पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला आहे.

या जीवनाची मुळे किती खोल आहेत? आमच्याच जिल्ह्यातील संगमनेर तालुक्यात जोर्वे हे गाव आहे. तेथे १९५०-५१ साली उत्खनन झाले आणि महाराष्ट्राच्या आद्य शेतकऱ्यांच्या संस्कृतीला त्या गावाचे नाव मिळाले. पुढे पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथील उत्खननावरून डॉ. म. के. ढवळीकर यांनी असे मत मांडले की, ख्रिस्तपूर्व १००० च्या सुमारास हवामान कोरडे होत गेले, शेती पुरेना, आणि ते लोक शेळ्यामेंढ्यांवर अधिकाधिक विसंबून अर्धे फिरस्ते झाले. आजचे धनगर त्यांचेच वंशज, असे कोणी म्हणणार नाही. परंतु या भूमीत पाऊस हटला की माणसाने मेंढीचा आधार घ्यावा, हा धडा तीन हजार वर्षांचा आहे.

धनगर म्हणजे एकच एक गट, असेही नव्हे. मेंढरे राखणारे हटकर, लोकरीच्या विणकामाशी निगडित खुटेकर, घाटमाथ्यावर म्हशी पाळणारे गवळी धनगर असे त्यांचे भेद आहेत. जशी भूमी तसे जनावर, आणि जसे जनावर तसा माणसाचा व्यवसाय, अशी ही वाटणी आहे. याच समाजातून मल्हारराव होळकर पुढे आले. त्यांच्या सूनबाई अहिल्याबाई यांचा जन्म १७२५ साली आमच्या जामखेड तालुक्यातील चौंडी गावी पाटलाच्या घरी झाला. २०२४ साली जिल्ह्याचे अहमदनगर हे नाव बदलून अहिल्यानगर झाले ते त्यांच्याच स्मरणार्थ.

त्यांचे देवही त्यांच्यासारखेच रानावनातले. खंडोबा, बिरोबा, म्हस्कोबा ही मुख्य दैवते. पारनेर तालुक्यातच कोरठण खंडोबाचे प्रसिद्ध स्थान आहे. खंडोबाची एक पत्नी बाणाई ही धनगराची लेक मानली जाते. म्हणजे या समाजाने देवाशी सोयरीकच जोडली आहे. ढोलाच्या तालावर गजनृत्य चालते, भंडारा उधळला जातो आणि रात्ररात्र ओव्या गाइल्या जातात. ग्युंथर सोंथायमर या जर्मन पंडितांनी धनगरांत हिंडून त्या ओव्या ऐकल्या व टिपल्या, आणि १९७६ साली बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा यांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्या दाराशी असलेले हे धन ओळखण्यास परदेशचा मनुष्य यावा लागला, याचे थोडे वैषम्य वाटते.

आता या वेळापत्रकावर आलेल्या संकटाकडे वळू. १८७८ च्या कायद्यापासून जंगले राखीव होत गेली आणि चराईच्या वाटा आखडल्या. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले. प्रवरेच्या पाटाखाली ऊस आला. १९५० साली लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. जिल्ह्याचे दैन्य त्याने पुष्कळ हटले, हे निर्विवाद. तथापि बारमाही उसाच्या शेतात मेंढरे बसविण्यास जागा राहत नाही. रासायनिक खत पोत्यातून मिळू लागल्यावर मेंढरांची वाट पाहण्याची निकडही कमी झाली. लोकरीची तर दुर्दशाच झाली. पूर्वी जावळाची, म्हणजे कोकराच्या पहिल्या मऊ लोकरीची घोंगडी मानाची समजत; चिंचोक्याची खळ दिलेले घोंगडे पावसात अंगावर आणि रात्री अंगाखाली असे. आता कातरणीची मजुरीही लोकरीच्या किमतीतून निघत नाही, म्हणून कित्येकजण ती फेकून देतात. आज मेंढी टिकली आहे ती मटणाच्या भावावर.

मग यांनी फिरणे सोडावे काय? ज्याला सोडावयाचे असेल त्याने खुशाल सोडावे. पुष्कळांनी सोडलेही आहे. परंतु स्वेच्छेने थांबणे निराळे आणि वाट अडविली म्हणून थांबणे निराळे. त्या ढगांच्या लेकरांचेच पाहा. १९७५ साली त्यांच्या भूमीवर युद्ध पेटले आणि हजारो सहरावी अल्जीरियातील तिंदुफजवळच्या निर्वासितांच्या छावण्यांत येऊन पडले. त्यांच्या नातवंडांचा जन्म तेथेच झाला. ढग आजही जातात. त्यांच्यामागे जाणे मात्र त्यांना उरले नाही. आपल्याकडे युद्ध नाही. येथे वाट अडते ती कुंपणांनी, रुंद रस्त्यांनी आणि आपल्या उपेक्षेने.

या उपेक्षेचा एक प्रकार मी शिक्षक या नात्याने जन्मभर पाहिला. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा धनगराचा मुलगा गावी असतो. पटावर नाव येते, पाटी-पुस्तक येते, अक्षर वळू लागते. दिवाळीच्या सुटीनंतर वाडा निघतो आणि हजेरीपत्रकात त्याच्या नावापुढे 'गैरहजर', 'गैरहजर' अशी ओळ सुरू होते. दोनशे मेंढरांतून एक कमी असल्यास न मोजता सांगणारा तो मुलगा परीक्षेच्या दिवशी घाटाखाली असतो, आणि आपण त्याच्या नावापुढे 'शाळा सोडली' असे लिहून मोकळे होतो. वस्तुतः त्याने शाळा सोडलेली नसते. शाळेने त्याच्या वर्षाची मांडणी कधी विचारात घेतलेली नसते. सरकारने या समाजाला भटक्या जमातींच्या 'क' वर्गात ३.५ टक्के राखीव जागा दिल्या आहेत. परंतु चौथीतच गळालेल्या मुलाला महाविद्यालयातील राखीव जागेचा काय उपयोग? मुलींचे तर त्याहून कठीण. त्यांच्या वाट्याला धाकट्या भावंडाचे ओझेही येते.

उपाय फार अवघड नाहीत. मुलाला मागे ठेवण्यास आईबाप राजी असतील तर गावात त्या सात महिन्यांपुरते चांगले वसतिगृह हवे. राजी नसतील तर वाड्याच्या मुक्कामाजवळच्या शाळेने त्याला विनातक्रार वर्गात बसवून घ्यावे आणि त्याची हजेरी मूळ शाळेत धरली जावी. वाड्याचा मार्ग दरसाल बहुधा तोच असतो. कोणत्या महिन्यात कोणता वाडा कोठे असेल, हे गावचा कोणीही जाणता सांगू शकतो. वेळापत्रक त्यांच्याकडे तयार आहे. आपले त्याच्याशी जुळविण्याचे तेवढे राहिले आहे.

आणि आपण नागरिकांनी? दिवाळीनंतर पुण्या-मुंबईच्या वाटेवर आपली मोटार मेंढरांच्या कळपापुढे थांबली, तर कर्णा वाजवून गाभण मेंढ्या उधळू नयेत. चार मिनिटे थांबावे आणि तट्टावरच्या मुलाकडे पाहावे. तो वाट चुकलेला नाही. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वाटेने तो आपल्या कामावर निघाला आहे.