एका सतरा अंकी संख्येची परीक्षा

गणिताच्या शोधासाठीं विद्यापीठें आणि ग्रंथालयें हवींत, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु आज ज्या परीक्षेची हकीगत सांगावयाची आहे, ती नाशिक जिल्ह्याच्या टोंकाला, गुजरातच्या सीमेजवळ डोंगरांत वसलेल्या सुरगाणा गांवच्या शाळेंतहि पाटी-पेन्सिलीवर घेतां येईल.

११ चा वर्ग १२१. १११ चा वर्ग १२३२१. असें करीत नऊ एकांच्या संख्येपर्यंत गेलें म्हणजे ही सतरा अंकी संख्या उभी राहते : १२३४५६७८९८७६५४३२१. एकापासून नवापर्यंत चढावें आणि त्याच पायऱ्यांनीं उतरावें, अशी तिची घडण आहे.

याच जिल्ह्यांतील देवळाली येथें १९३० पासून १९६२ पर्यंत शाळेंत शिकविणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनीं या वर्गांची गणना ‘डेम्लो’ संख्यांत केली. ज्या रेल्वे स्थानकावर त्यांना ही कल्पना सुचली, त्याचेंच हें नांव. ज्या संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेनें नि:शेष भाग जातो, तिला त्यांनींच ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणारी, असें म्हटलें.

आपली संख्या हर्षद आहे काय? तिच्या अंकांची बेरीज ८१. नऊ एकांच्या संख्येचे अवयव ९, ३७ आणि ३३३६६७; तेव्हां तिच्या वर्गांत ८१ हा अवयव असणारच. भागाकार येतो तो १२३४५६७९ चा वर्ग. संख्या परीक्षेस उतरली.

मग तिचीं सर्वच भावंडें हर्षद असतील काय? १२१ च्या अंकांची बेरीज ४, आणि तिनें भाग जात नाहीं. १२३२१ ची बेरीज ९, आणि भाग जातो. नऊ एकांपर्यंत ही बेरीज एकांच्या गणतीचा वर्गच असते. म्हणून मूळ संख्येंत जितके एक, तितक्यांनीं तिला भाग गेला तरच वर्ग हर्षद ठरतो. नवांपैकीं ही अट १, १११ आणि नऊ एकांची संख्या, या तिघींनाच साधते.

दहाव्या वेळीं तर घडणहि मोडते. दहा एकांचा वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१. मध्यें नवाच्या जागीं दहा येतात, हातचा एक डावीकडे सरकतो आणि पायऱ्या ढांसळतात. बेरीज ८२ येते. संख्या विषम असल्यानें भाग जाणें शक्यच नाहीं.

नऊ वेळां डोळ्यांना पटलेलें दहाव्या वेळीं खोटें ठरतें. म्हणून गणितांत सिद्धता लागते. कापरेकरांचे हे विषय पुष्कळांनीं क्षुल्लक मानले. पुढें १९७५ सालीं मार्टिन गार्डनर यांनीं ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकांत त्यांच्याविषयीं लिहिलें, तेव्हां जगाचें लक्ष देवळालीकडे गेलें. अकरा एकांच्या वर्गाची परीक्षा मात्र घरोघरच्या मुलांनींच घ्यावी, हें उत्तम.