डोळ्यांचा खर्च अंधारात अधिक

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात एका शिक्षकाने केलेले भाषण)



आपल्या घरोघरी एक समजूत आहे. उजेडात डोळ्यांची शक्ती खर्च होते आणि दिवा मालवून डोळे मिटले की त्यांना पूर्ण विसावा मिळतो. पापण्यांना व डोळ्यांच्या स्नायूंना तो मिळतो, यात शंका नाही. परंतु डोळ्याच्या आतला पडदा, म्हणजे दृष्टिपटल, याचा हिशेब उलटा आहे. त्याचा खर्च अंधारात वाढतो आणि उजेडात कमी होतो. हे कसे घडते आणि आपल्या घराशी त्याचा काय संबंध, एवढेच आज सांगावयाचे आहे.

दृष्टिपटलात प्रकाश टिपणाऱ्या पेशी मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. मंद प्रकाशात उपयोगी पडतात त्या दंडपेशी; भरपूर प्रकाशात काम करतात व रंग ओळखतात त्या शंकूपेशी. एका डोळ्यात दंडपेशी सुमारे १२ कोटी आणि शंकूपेशी सुमारे ६० लाख असतात. खर्चाची खरी गोष्ट आहे ती दंडपेशींची.

पावसाळ्यात आपल्या उपनगरांतील सखल भागात तळमजल्याच्या खोल्यांतून पाणी शिरते, हे आपण जाणताच. दार उघडे राहिले तर पाणी येतच राहते आणि घरची माणसे बादल्यांनी उपसत राहतात. खोलीतले पाणी वाढत नाही, पण माणसे दमून जातात. अंधारात दंडपेशीचे असेच होते. तिच्या आवरणात अतिसूक्ष्म दारे असतात. अंधारात त्यांतील काही उघडी राहतात व त्यांतून सोडियमचे विद्युतभारित कण आत येत राहतात. पेशीतले पंप ते कण सतत बाहेर काढतात. या उपशालाच ऊर्जा लागते. प्रकाश पडला की दारे मिटतात आणि उपशाचे काम एकदम घटते.

अंधारात वाहणारा हा प्रवाह विल्यम हॅगिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० साली मोजून प्रसिद्ध केला. पुढे २००८ साली उंदराच्या दंडपेशींचा हिशेब मांडला गेला. पेशीचा ऊर्जाव्यवहार एटीपी नावाच्या रेणूंच्या चलनात चालतो. एक दंडपेशी अंधारात दर सेकंदाला असे सुमारे १० कोटी रेणू खर्च करते, आणि प्रखर उजेडात हा खर्च तीन-चतुर्थांशाहूनही अधिक घटतो, असे त्यात दिसून आले.

विद्यार्थी मित्र विचारतील, मग ही उधळपट्टी कशासाठी? तर ती उधळपट्टी नव्हे, पहारा आहे. अंधारात दंडपेशी पुढच्या पेशीकडे अखंड निरोप पाठवीत असते. प्रकाशाने तो निरोप मंदावतो आणि तीच 'उजेड आला' याची खूण ठरते. या तयारीमुळेच प्रकाशाचा एकच कण पडला तरी दंडपेशीला त्याची जाणीव होते.

उजेडातही दृष्टिपटलाच्या आतल्या थरांना काम असतेच. लुकलुकणाऱ्या प्रकाशात तर ते वाढते. तरीही एकूण जमाखर्चात अंधाराचे पारडे जड राहते. याचा अर्थ सूर्याकडे टक लावून पाहावे असा मुळीच नव्हे; त्याने दृष्टिपटलाला कायमची इजा होऊ शकते.

आता घरचा मुद्दा. एवढ्या ऊर्जेसाठी प्राणवायू लागतो आणि तो रक्तवाहिन्यांतूनच येतो. रात्री दंडपेशी इतका प्राणवायू घेतात की त्यांच्याभोवती तो फारच थोडा उरतो, असे प्राण्यांवरील प्रयोगांत आढळले आहे. निरोगी माणसाचा निभाव लागतो. परंतु मधुमेहाने दृष्टिपटलाच्या बारीक रक्तवाहिन्या बिघडतात. पुरवठा तुटू लागतो, मागणी मात्र कायम राहते.

यावरून काही शास्त्रज्ञांनी सुचवले की मधुमेहींनी झोपताना मंद प्रकाश देणारा मुखवटा लावावा, म्हणजे रात्रीचा खर्च वाचेल. कल्पना सयुक्तिक होती. ब्रिटनमध्ये ३०० हून अधिक रुग्णांवर दोन वर्षे तिची चाचणी झाली. २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला, की त्याने फायदा होत नाही. तेव्हा दिवा लावून झोपणे हा उपाय नव्हे. विद्यार्थ्यांनी यातून एक धडा घ्यावा : तर्क कितीही सुंदर असला तरी शेवटचा शब्द प्रयोगाचा असतो.

खरा उपाय साधा आहे. रक्तातील साखर व रक्तदाब ताब्यात ठेवणे, आणि मधुमेह असल्यास वर्षातून एकदा तरी बाहुलीत औषध घालून दृष्टिपटल तपासून घेणे. "मला तर स्पष्ट दिसते" असे म्हणून आपले अब्बा, अम्मी, नाना ही तपासणी टाळतात. हा विकार सुरुवातीला दुखत नाही, खुपत नाही, नजरही अधू करीत नाही. नेमका तेव्हाच तो आवरता येतो. घाटकोपरचे राजावाडी, विलेपार्ल्याचे कूपर अशा महापालिकेच्या रुग्णालयांत नेत्रविभाग आहेत.

मुलांनो, घरच्या मोठ्यांना चष्म्याच्या दुकानात नेऊन थांबू नका. तेथे चष्म्याचा नंबर कळतो, पडद्याची हकिकत कळत नाही. त्यांना नेत्रतज्ज्ञाकडे घेऊन जा. आपण झोपतो तेव्हाही जो पडदा आपल्यासाठी जागा राहतो, त्याची वर्षातून एकदा विचारपूस करणे हे काही फार नाही.